इटलीला जाताना विमानतळ कोणता निवडावा आणि तिथून पुढे कसं जावं

इटलीची सहल ठरली की बहुतेक घरांत पहिलं काम होतं ते विमानाच्या तिकिटाचं. मोबाइलवर ‘मुंबई ते रोम’ टाकायचं, जाऊन-येऊन सगळ्यात स्वस्त काय दिसतंय ते बघायचं आणि तिकीट काढून मोकळं व्हायचं. मग हॉटेलं, गाड्या, फिरणं हे सगळं त्या तिकिटाभोवती कसंबसं बसवायचं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की हा क्रम बदला. आधी कुठल्या गावात किती रात्री, हे कागदावर लिहा आणि मग विमानतळ निवडा. इटलीत एकाच शहराच्या नावावर दोन-दोन, तीन-तीन विमानतळ आहेत. त्यांच्यापासून हॉटेलच्या दारापर्यंत जायला लागणारा वेळ आणि पैसा यांत इतका फरक पडतो की तिकिटावर वाचवलेले पैसे पहिल्याच दिवशी खर्च होऊन जातात. वर आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर थकवा वेगळाच.

एका टोकाने शिरा, दुसऱ्या टोकाने निघा

इटली लांबट देश आहे. वर आल्प्स, खाली सिसिली. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम ही तीन शहरं करतात, जमलं तर मिलान किंवा पॉम्पेई जोडतात. ही शहरं नकाशावर जवळपास एका रेषेत आहेत. तरीही रोमचंच जाऊन-येऊन तिकीट काढलं, तर शेवटी व्हेनिसहून परत रोमला यावं लागतं. वेगवान गाडीने हे सुमारे चार तास. त्यात हॉटेल सोडणं, स्टेशन गाठणं, रोमला उतरून पुन्हा विमानतळाची गाडी पकडणं धरलं की एक अख्खा दिवस जातो. चौघांचं ऐनवेळचं रेल्वेभाडं हिशोबात धरलं तर ‘स्वस्त’ तिकीट बऱ्याचदा महागच ठरतं.

यावर उपाय सोपा आहे. तिकिटाच्या साइटवर ‘मल्टी-सिटी’ असा पर्याय असतो. त्यात मुंबई ते व्हेनिस आणि रोम ते मुंबई असं एकाच तिकिटावर शोधायचं. एकाच कंपनीचं असलं की भाडं साधारण जाऊन-येऊनच्या आसपासच राहतं. दोन वेगवेगळी एकेरी तिकिटं मात्र काढू नका, ती बहुतेक वेळा फार महाग पडतात.

दिल्लीहून इटलीला थेट विमानं आहेत. महाराष्ट्रातले प्रवासी मात्र बहुतेक करून मुंबईहून निघतात आणि दुबई, दोहा, अबू धाबी, इस्तंबूल किंवा फ्रँकफर्ट, म्युनिक, झुरिक इथे विमान बदलतात. दुबईहून एमिरेट्सची विमानं रोम, मिलान, व्हेनिस आणि बोलोन्या या चारही ठिकाणी जातात. यातलं बोलोन्या आपल्याकडे कुणाच्या डोक्यातच येत नाही. खरं तर ते फ्लॉरेन्सला जाण्यासाठी उत्तम आहे. विमानतळावरून ‘मार्कोनी एक्स्प्रेस’ ही मोनोरेल सात-आठ मिनिटांत बोलोन्या चेंत्राले या मुख्य स्टेशनात सोडते आणि तिथून वेगवान गाडीने फ्लॉरेन्स चाळीस मिनिटांच्या आत येतं. फ्लॉरेन्सचा स्वतःचा पेरेतोला विमानतळ शहराला चिकटून आहे, ट्रामने वीस मिनिटांत गावात नेतो. पण त्याची धावपट्टी आखूड आहे. मोठी विमानं तिथे उतरत नाहीत आणि वारा प्रतिकूल असला की छोटी विमानंही पिसा किंवा बोलोन्याकडे वळवावी लागतात.

विमान कुठे बदलता यावर एक महत्त्वाची गोष्ट अवलंबून असते. फ्रँकफर्ट, म्युनिक किंवा झुरिकला बदललं तर शेंगेन देशांत (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) प्रवेशाची तपासणी तिथेच होते, कारण तो तुमचा पहिला शेंगेन विमानतळ. पुढचं विमान देशांतर्गत असल्यासारखं असतं. आखाती देशातून किंवा इस्तंबूलहून आलात तर ही रांग इटलीत उतरल्यावर लागते. ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरच्या शिक्क्याच्या जागी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याचा फोटो तिथेच काढतात. त्यामुळे रांग लांबू शकते. फ्रँकफर्टला एका तासाची जोडणी कागदावर ‘चालते’ असं दाखवत असली तरी मी ती घेणार नाही. दोन-अडीच तास असू द्या.

व्हिसाबद्दलही एक गैरसमज आहे. ज्या देशाचा व्हिसा त्याच देशात उतरलं पाहिजे, असं पुष्कळांना वाटतं. नियम तसा नाही. सगळ्यात जास्त रात्री जिथे, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी प्रवेश, त्या देशाकडे. सात रात्री इटलीत आणि तीन स्वित्झर्लंडमध्ये असतील तर व्हिसा इटलीचा, आणि उतरायला झुरिकही चालतं. फक्त हॉटेलची आरक्षणं या हिशोबाशी जुळली पाहिजेत.

रोम: कुठल्या गाडीने, ते हॉटेल ठरवतं

रोमचे विमानतळ दोन. फ्यूमिचिनो, म्हणजे लिओनार्दो दा विंची, हा मोठा. शहरापासून तीसेक किलोमीटरवर समुद्राकडे. चाम्पिनो छोटा आणि जवळ, तिथे मुख्यतः युरोपातल्या स्वस्त कंपन्यांची विमानं येतात. तिकीट काढताना तीन अक्षरांची खूण बघा: एफसीओ म्हणजे फ्यूमिचिनो, सीआयए म्हणजे चाम्पिनो. भारतातून येणारं तुमचं विमान फ्यूमिचिनोलाच येईल. घोळ होतो तो पुढचं किंवा मागचं युरोपातलं स्वस्त विमान वेगळ्या तिकिटावर काढल्यावर. पॅरिसहून चाम्पिनोला उतरायचं आणि तीन तासांनी फ्यूमिचिनोहून मुंबईकडे निघायचं, असा बेत कधीच करू नये. दोन्ही विमानतळांमध्ये थेट रेल्वे नाही. आणि तिकिटं वेगवेगळी असली की पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं तर कुणीच जबाबदारी घेत नाही.

फ्यूमिचिनोहून शहरात यायला लिओनार्दो एक्स्प्रेस सगळ्यांना माहीत असते. कुठेही न थांबता ३२ मिनिटांत तेर्मिनी, म्हणजे रोमचं मुख्य स्टेशन, माणशी १४ युरो. गाडी चांगली आहे, दर पंधरा ते तीस मिनिटांनी सुटते. पण ती सगळ्यांसाठी नाही. त्याच स्टेशनातून एफएल-१ नावाची साधी लोकल सुटते, माणशी ८ युरो. ती तेर्मिनीला जातच नाही. ती त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से, तुस्कोलाना करत तिबुर्तिनाला जाते. हॉटेल त्रास्तेवेरेत असेल तर लिओनार्दो घेऊन तेर्मिनीला जाणं आणि तिथून बॅगा ओढत मागे येणं यात काहीच अर्थ नाही. ओस्तिएन्सेला उतरलात तर बी मार्गाची मेट्रो शेजारीच आहे. आणि रोममध्ये न थांबता थेट फ्लॉरेन्सला जायचं असेल तर एफएल-१ ने तिबुर्तिना गाठावं, कारण बऱ्याच वेगवान गाड्या तिथे थांबतात आणि तेर्मिनीची गर्दी टळते. दिवसातून मोजक्या वेगवान गाड्या तर थेट विमानतळाच्या स्टेशनातूनच फ्लॉरेन्स आणि बोलोन्याकडे सुटतात. त्यांची वेळ जुळली तर तो योग सोडू नका.

आता टॅक्सी. आपल्याकडे परदेशातली टॅक्सी म्हटलं की आधीच नको वाटतं. रोमपुरता हिशोब मात्र करून बघा. फ्यूमिचिनोहून जुन्या ऑरेलियन तटबंदीच्या आत कुठेही जायला नगरपालिकेने ठरवलेलं एकच भाडं आहे, ५५ युरो. हे माणशी नाही, गाडीचं. चार माणसं आणि त्यांच्या बॅगा त्यातच. चौघांचं लिओनार्दोचं साधं तिकीट होतं ५६ युरो. चौघांचं एकत्र तिकीट काढलं तर काहीसं कमी होतं, पण तरी तेर्मिनीला उतरल्यावर हॉटेलपर्यंतचं उरतंच. मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेल्या, सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन निघालेल्या चौघांनी डोळे मिटून टॅक्सी करावी. दोघंच असाल तर गाडी बरी.

फक्त दोन गोष्टींची काळजी घ्या. एक, अधिकृत टॅक्सी पांढरी असते, दारावर शहराचं चिन्ह आणि क्रमांक असतो आणि ती बाहेरच्या रांगेतच मिळते. सामानाच्या पट्ट्याजवळ किंवा दारात येऊन ‘टॅक्सी? टॅक्सी?’ विचारणाऱ्याच्या मागे जाऊ नका. दोन, ठरलेलं भाडं तटबंदीच्या आतपुरतं आहे. व्हॅटिकनजवळचा प्राती भाग हॉटेलांसाठी लोकप्रिय आहे, पण तो तटाबाहेर येतो. तिथे जायचं असेल तर बसण्याआधीच भाडं विचारून घ्या.

विमान रात्री उशिरा उतरत असेल तर लिओनार्दोची शेवटची गाडी साडेअकराच्या आत सुटते हे लक्षात ठेवा. त्यानंतर बस किंवा टॅक्सी.

मिलान: तीन विमानतळांचं शहर

मिलानच्या नावावर तीन विमानतळ विकले जातात. माल्पेन्सा मोठा, शहराच्या वायव्येला पन्नासेक किलोमीटरवर. लिनाते अगदी शहरात. आणि बेर्गामो, ज्याचं खरं नाव ओरिओ अल सेरिओ. तो मिलानमध्ये नाहीच, शेजारच्या बेर्गामो शहराचा विमानतळ आहे.

लिनातेचं चित्र आता पूर्ण बदललं आहे. २०२३ मध्ये तिथली एम-४ मेट्रो शहराच्या मध्यापर्यंत आली. सान बाबिला स्टेशन बारा-पंधरा मिनिटांत येतं आणि तिकीट साधं शहरी मेट्रोचंच. पण लिनातेला येतात ती मुख्यतः युरोपातली विमानं. फ्रँकफर्टला विमान बदलून येणार असाल तर तिकीट शोधताना माल्पेन्साच्या जोडीला लिनातेही बघा. चार-पाचशे रुपये जास्त असले तरी लिनाते घ्या.

माल्पेन्साहून माल्पेन्सा एक्स्प्रेस ही रेल्वे आहे, आणि तिच्या दोन वेगवेगळ्या शाखा आहेत. एक कादोर्ना स्टेशनला जाते, दुसरी चेंत्राले या मिलानच्या मुख्य स्टेशनला. पुढे व्हेनिस-फ्लॉरेन्सची गाडी पकडायची असेल तर चेंत्राले. हॉटेल जुन्या किल्ल्याच्या किंवा दुओमोच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, बाजूला असेल तर कादोर्ना. फलाटावर आधी जी आली तिच्यात चढलो, असं करू नका.

खूप जण माल्पेन्साला उतरून आधी मिलान शहरात येतात आणि मग लेक कोमोला जातात. गरज नसते. माल्पेन्सा एक्स्प्रेस वाटेत सारोन्नोला थांबते. तिथे उतरून कोमो लागोची लोकल पकडली की थेट तळ्याच्या काठी. मात्र याच तळ्यावरच्या बेलाजो गावासमोरचं वारेन्ना गाठायचं असेल तर त्याची लोकल मिलानो चेंत्रालेहूनच सुटते. आणि इटलीसोबत स्वित्झर्लंडही करणाऱ्यांसाठी माल्पेन्साहून लुगानो, बेलिन्झोनाकडे जाणारी लोकलही आहे. नकाशा समोर ठेवला की या गोष्टी दिसतात. ‘मिलान’ या नावापाशी अडकलं की दिसत नाहीत.

बेर्गामोचंही तसंच. मिलानला जाणाऱ्यासाठी तो गैरसोयीचा. अजून तिथे रेल्वे नाही, बसने चेंत्रालेपर्यंत साधारण तास लागतो, हमरस्त्यावर गर्दी असली तर जास्त. पण लेक गार्डाला जाणाऱ्यासाठी किंवा जुनं बेर्गामो बघणाऱ्यासाठी तो माल्पेन्सापेक्षा सरस आहे.

व्हेनिस: बॅगेचा विचार आधी

व्हेनिसचा मार्को पोलो विमानतळ जमिनीवर आहे, बेटावर नाही. नावात व्हेनिस असलेला दुसरा विमानतळ त्रेविझोचा. तिथून बसने तासाहून अधिक लागतो आणि तो जवळजवळ फक्त स्वस्त युरोपीय कंपन्यांचा.

मार्को पोलोहून तीन मार्ग. बस वीस-पंचवीस मिनिटांत पियात्साले रोमाला सोडते. मोटारगाड्या तिथपर्यंतच येऊ शकतात. पुढे पायी नाहीतर पाण्यातून. दुसरा मार्ग आलिलागुना बोटीचा, जी थेट विमानतळाच्या धक्क्यावरून निघते आणि सान मार्को या मुख्य चौकापर्यंत तासाहून जास्त घेते. तिसरी खासगी वॉटर टॅक्सी, शंभर युरोंच्या पुढेच. पाच-सहा जणांचं कुटुंब असेल आणि एकदाच हौस करायची असेल तर करावी. पाण्यातून व्हेनिसमध्ये पहिल्यांदा शिरणं हा अनुभव खरोखर वेगळा आहे.

पण खरा प्रश्न मार्गाचा नाही, पुलांचा आहे. व्हेनिसमध्ये प्रत्येक कालव्यावर पूल आहे आणि बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत. तेवीस किलोची बॅग दर दीडशे पावलांवर उचलायची आणि उतरवायची, हे पन्नाशीनंतर सोपं नाही. म्हणून हॉटेल घेताना ‘सान मार्कोपासून किती लांब’ हे बघण्याआधी ‘व्हापोरेत्तोच्या (तिथल्या प्रवासी बोटीच्या) थांब्यापासून वाटेत किती पूल’ हे हॉटेलला ईमेल करून विचारा. ते नेमकं उत्तर देतात, कारण त्यांना हा प्रश्न रोज येतो. सांता लुचिया रेल्वे स्टेशनच्या त्याच काठावर हॉटेल मिळालं, एकही पूल ओलांडायचा नसेल, तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

काही जण मेस्त्रेत राहतात. मेस्त्रे म्हणजे जमिनीवरचं व्हेनिस. सगळ्या मोठ्या गाड्या तिथे थांबतात आणि लोकलने दहा-बारा मिनिटांत बेटावरचं सांता लुचिया. भाडं दीड युरोच्या आसपास. हॉटेलं स्वस्त, खोल्या मोठ्या, लिफ्ट असते. तीन-चार रात्री आणि लहान मुलं असतील तर मेस्त्रे शहाणपणाचं आहे. एक-दोनच रात्री असतील तर मात्र बेटावरच राहा. दिवसभराची गर्दी संध्याकाळी परत जाते आणि मग जे व्हेनिस उरतं, ते मेस्त्रेत राहणाऱ्याला दिसत नाही. गाडीचं तिकीट काढताना मात्र नीट बघा: ‘व्हेनेत्सिया मेस्त्रे’ आणि ‘व्हेनेत्सिया सांता लुचिया’ ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, दादर आणि सीएसएमटी जशी.

रेल्वे: इटलीत फिरायचा खरा मार्ग

एकदा देशात शिरलात की शहरा-शहरांमध्ये विमान विसरून जा. रोम ते मिलान वेगवान गाडी तीन-सव्वातीन तासांत, शहराच्या मध्यातून मध्यात. रोम–फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्स–व्हेनिस सव्वादोन, रोम–नेपल्स सव्वा तास. ताशी ३०० किलोमीटरने पळणाऱ्या या गाड्या दोन कंपन्या चालवतात. सरकारी त्रेनइतालियाची फ्रेच्चारोस्सा आणि २०१२ पासून धावणारी खासगी इतालो. रूळ तेच, स्टेशनं बहुतेक तीच, पण तिकिटं वेगळी. इतालोचं तिकीट घेऊन फ्रेच्चारोस्सात बसता येत नाही. दोन्हींच्या साइटवर भाडं बघून मगच ठरवा.

या गाड्यांचं भाडं विमानासारखं वाढत जातं. दोन-तीन महिने आधी वीस-पंचवीस युरोत मिळणारं रोम–फ्लॉरेन्स तिकीट ऐनवेळी दुप्पट होतं. पण सगळ्यात स्वस्त ‘सुपर इकॉनॉमी’ तिकीट बदलता येत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. म्हणून मधल्या दिवसांची तिकिटं लवकर आणि स्वस्तातली काढा. विमान उतरणार त्या दिवसाचं मात्र ‘बेस’ भाड्याचं, बदलता येणारं घ्या, किंवा विमानाची वेळ आणि गाडी यांत चांगले तीन-चार तास ठेवा. पासपोर्टची रांग किती लांब असेल आणि बॅग कधी येईल, यातलं काहीच तुमच्या हातात नसतं.

साध्या लोकल, ज्यांना तिथे ‘रेजिओनाले’ म्हणतात, त्यांचं भाडं अंतरावर ठरलेलं असतं. महिनाभर आधी काढा की पाच मिनिटं आधी, फरक नाही, आसनाचं आरक्षणही नाही. पिसा, चिंक्वे तेर्रे, वेरोना, सिएना अशा ठिकाणी जाताना या गाड्या लागतात. इथे सगळ्यात महत्त्वाचा नियम: कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा छाप उमटवायचा. मोबाइलवरचं तिकीट असेल तर ‘चेक-इन’ करावं लागतं का, हे गाडीत बसण्याआधी ॲपमध्ये किंवा लिंकवर बघून घ्यायचं. तिकीट खिशात आहे, पैसे दिलेत, तरी छाप नसेल तर दंड होतो आणि ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे सहसा ऐकून घेत नाहीत. वेगवान गाड्यांना हे लागत नाही, कारण त्यांच्या तिकिटावर गाडी आणि आसन आधीच ठरलेलं असतं.

स्टेशनात गाडी कशी शोधायची, हे घरी बसून शिकून घ्या, तिथे गोंधळ होत नाही. मोठ्या फलकावर गाडीचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, तुमचं नव्हे. तेर्मिनीत उभं राहून फ्लॉरेन्स शोधाल तर ते बहुधा दिसणारच नाही, कारण ती गाडी फलकावर ‘मिलानो चेंत्राले’ किंवा ‘तोरिनो’ म्हणून असते. म्हणून गावाचं नाव शोधूच नका. तिकिटावरचा गाडीचा क्रमांक आणि सुटायची वेळ, हे दोन आकडे फलकावर जुळवा. फलाटाचा क्रमांक, म्हणजे ‘बिनारिओ’, गाडी सुटायच्या दहा-वीस मिनिटं आधीच झळकतो. तोवर सगळे प्रवासी मान वर करून फलकासमोर उभे असतात. तुम्हीही निवांत उभे राहा, फक्त बॅगेवर हात ठेवा. क्रमांक आला की निघायचं, डब्याचा क्रमांक बघायचा आणि त्या डब्यापर्यंत फलाटावरूनच चालत जायचं. चुकीच्या डब्यात चढून आतून बॅगा ओढत जाणं फार त्रासाचं. आणि तिकीट काढताना फ्लॉरेन्ससाठी ‘फिरेन्झे सांता मारिया नोव्हेल्ला’ हेच स्टेशन निवडा. काम्पो दी मार्ते आणि रिफ्रेदी गावाच्या कडेला आहेत.

युरेल पास, म्हणजे युरोपातल्या रेल्वेंचा एकत्रित पास, त्याबद्दल पुष्कळ जण विचारतात. फक्त इटली करायची असेल तर मला तो घेण्यासारखा वाटत नाही. वेगवान गाड्यांना पास असला तरी दर वेळी आरक्षणाचे वेगळे पैसे द्यावे लागतात. तीन-चार प्रवासांसाठी आधी काढलेली सुटी तिकिटं स्वस्त पडतात.

इटलीत संप होतात आणि ते आधी जाहीर करावे लागतात, त्यामुळे निघण्याच्या आठवडाभर आधी त्या तारखा बघून घ्या. संप असला तरी कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात लोकल गाड्यांची किमान सेवा ठेवावी लागते. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी १ मे लक्षात ठेवावा. त्या दिवशी रोम-मिलानच्या बस आणि मेट्रो कमी धावतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तिथलं घड्याळ एक तास मागे जातं आणि भारताशी फरक साडेतीन तासांचा साडेचार होतो. १ नोव्हेंबरला तिथेही सुट्टी असते, तेव्हा गाड्या लवकर भरतात.

मोटार कधी, आणि दक्षिणेकडे काय

मोटार भाड्याने घ्यायची तर टस्कनीची खेडी, डोलोमाइट्सचे डोंगर किंवा दक्षिणेतला पुल्या प्रांत अशा भागांसाठी, आणि शहर सोडताना. शहरात असताना नको. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो, तो इथे आरटीओतून निघण्याआधी काढून घ्यावा. पण खरी अडचण परवान्याची नाही. फ्लॉरेन्स, रोम, पिसा, सिएना अशा जवळजवळ प्रत्येक जुन्या गावाच्या मध्यभागी ‘झेडटीएल’ हा मर्यादित वाहतुकीचा भाग असतो. पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ, शेजारी वेळा लिहिलेल्या आणि वर कॅमेरा. इलेक्ट्रॉनिक फलक असला तर ‘वार्को आत्तिव्हो’ म्हणजे आत्ता प्रवेश बंद. नकाशाचं ॲप तुम्हाला खुशाल त्यातून नेतं. तिथे कुणी अडवत नाही, शिट्टी वाजत नाही. गाडी पुढे जाते, कॅमेरा क्रमांक टिपतो, आणि कित्येक महिन्यांनी दंडाचं पत्र घरी येतं. भाड्याने गाडी देणारी कंपनी तुमचा पत्ता कळवण्याचे वेगळे पैसे कार्डातून आधीच कापून घेते. हॉटेल अशा भागात असेल तर गाडीचा क्रमांक त्यांच्याकडे आधी नोंदवून परवानगी मिळते का, हे विचारा. नाहीतर गाडी वेशीबाहेरच्या पार्किंगमध्ये ठेवा.

दक्षिणेकडे रेल्वेचं जाळं विरळ होतं. नेपल्सचा कापोदिकिनो विमानतळ शहराला अगदी लागून आहे, आलिबस ही बस स्टेशन आणि बंदरापर्यंत नेते. पॉम्पेई आणि सोरेन्तोसाठी चिर्कुमवेसुवियाना नावाची जुनी लोकल आहे. गर्दी असते, बॅगा ठेवायला जागा नसते, पाकीट सांभाळावं लागतं. मोठं सामान नेपल्स स्टेशनच्या सामानघरात ठेवून पाठीवरच्या पिशवीनिशी जाणं बरं. अमाल्फीला रेल्वेच नाही. सालेर्नो किंवा सोरेन्तोहून बस आहे, आणि समुद्र शांत असलेल्या महिन्यांत बोट. बोट मिळत असेल तर बसचा विचारही करू नका. त्या किनाऱ्यावरचा रस्ता अरुंद आहे, वळणं संपत नाहीत आणि ज्यांना गाडी लागते त्यांचे हाल होतात. सिसिलीला मात्र विमानानेच जावं, पालेर्मो किंवा कातानियाला. रोमहून तिकडे रेल्वेही जाते, आणि मेस्सिनाच्या सामुद्रधुनीत अख्खे डबे बोटीवर चढवून पलीकडे नेतात! वेळ हाताशी असलेल्याने तो प्रवास जरूर करावा.

परतीचा दिवस

परतीचं विमान पहाटेचं असेल तर आदल्या रात्रीचा मुक्काम त्याच शहरात हवा, ज्या शहरातून विमान आहे. आदल्या दिवशी फ्लॉरेन्सला राहून सकाळच्या गाडीने रोमचं विमान पकडू, असा बेत कागदावर छान दिसतो. एक संप, एक बिघडलेली गाडी, आणि तो कोसळतो. तेर्मिनीहून लिओनार्दोची पहिली गाडी पहाटे पाचच्या सुमारास असते आणि ती मधल्या मोठ्या फलाटांवरून नव्हे, तर टोकाच्या २३ आणि २४ क्रमांकाच्या फलाटांवरून सुटते. स्टेशनात शिरल्यापासून तिथपर्यंत दहा मिनिटं चालणं आहे, बॅगांसह जास्तच.

खरेदीवरचा कर परत घ्यायचा असेल तर विमानतळावर आणखी एक तास धरा. त्यासाठी एका दुकानातली खरेदी ७० युरोंहून जास्त हवी, दुकानाने कागद करून दिलेला हवा आणि वस्तू दाखवायला हाताशी हव्यात, म्हणून त्या असलेली बॅग आधी चौकशी केल्याशिवाय आत सोडून देऊ नका. आणि सातच्या आधीचं विमान असेल तर गाडीच्या भरवशावर राहू नका. आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरवर पांढरी टॅक्सी सांगून ठेवा, ठरलेलं भाडं जातानाही तेवढंच आहे.